उदगीर की चाकण?

भाचा मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि नोकरी कुठं करावी यावरून घरात दोन तट पडले. ताई म्हणते इथंच उदगीरला राहा, दाजी म्हणतात पुण्याजवळचं चाकण गाठ, तिथं कारखाने आहेत.

पैसा: चाकणचा पगार मोठा दिसतो. त्यातून खोलीभाडं, मेस, गावच्या फेऱ्या वजा करा, मग बोला.

शिकणं: खरा फरक इथं आहे. चाकणला सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं), रोबोट वेल्डिंग आणि चूक दाखवणारा सीनियर मिळतो. उदगीरच्या डाळमिलमध्ये धान्य वर चढवणारा एलिव्हेटर अडकला की बेअरिंग, पट्टा, मोटार, स्टार्टर सगळं एकट्यानं बघायचं, तेही मालक डोक्यावर उभा असताना. हात तयार होतो. ड्रॉइंग वाचायची सवय मात्र सुटते.

भरवसा: दोन्हीकडं बेताचाच. तिकडं कंत्राट संपतं, इकडं पाऊस दगा देतो. २०१६ ला लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं.

ज्याला डिझाइन किंवा ऑटोमेशनमध्ये जायचंय, त्यानं सुरुवातीची काही वर्षं चाकणलाच काढावीत. घरची शेती, म्हातारे आईवडील किंवा स्वतःचं वर्कशॉप डोक्यात असेल, तर उदगीर. दोन्ही थोडंथोडं हवं असेल, तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा एमआयडीसी बघा. सणाला घरी येता येतं.