पावणेदोन डुकरिणींची बाटली: मेलॉक्सिकॅम नऊ महिने वापरून

परवा मध्यरात्री माझी चार नंबरची डुकरीण व्यायली. अकरा पिल्लं, जार पडली, सगळं सुरळीत. वेदना आणि सूज उतरवायला तिला मेलॉक्सिकॅम टोचायचं, तर फ्रिज उघडून बघतो, बाटलीत तेरा मिली. तिला लागतात सतरा. डोकं इतकं सणकलं की तेव्हाच ठरवलं, हे लिहायचंच.

सावंतवाडी तालुक्यात माझ्या नऊ डुकरिणी आहेत, यॉर्कशायर आणि संकरित. माल बहुतेक गोव्यात जातो. नऊ महिन्यांपूर्वी हीच चार नंबर व्याल्यावर दुसऱ्या दिवशी ताप १०४.५, कास दगडासारखी, आणि बाई सड पोटाखाली दाबून पालथी पडलेली. पिल्लं कोकलतायत, ही कूस बदलायला तयार नाही. दहातली चार गेली. डॉक्टरांनी अँटिबायोटिक आणि दूध सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनबरोबर मेलॉक्सिकॅम दिलं. संध्याकाळी ती उठून पाणी प्याली आणि आडवी होऊन पाजायला लागली. तिघांपैकी गुण नेमका कशाचा, देव जाणे; पण मी मेलॉक्सिकॅमच्या प्रेमात पडलो आणि व्यालेल्या डुकरिणींना ते द्यायला लागलो.

आता रडगाणं. डोस किलोला ०.४ मिलिग्रॅम. माझ्याकडे येणाऱ्या बाटलीत मिलीला ५ मिलिग्रॅम. २१० किलोची डुकरीण म्हणजे ८४ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ १७ मिली. सतरा! युरोपात मिलीला २० मिलिग्रॅमवालं मिळतं, तिथं हेच काम सव्वाचार मिलीत. मी मात्र मानेच्या दोन्ही बाजूंना अर्धं-अर्धं टोचत बसतो आणि दुसऱ्या सुईपर्यंत तिला माझा डाव कळलेला असतो. ३० मिलीची बाटली पावणेदोन डुकरिणींना पुरते. पाऊण डुकरीण कुणी पाहिलीय? १०० मिलीची घ्या म्हणाल, तर उघडलेली बाटली २८ दिवसांत संपवायची असते आणि माझ्या नऊजणी काही रांग लावून वीत नाहीत. बाटली महाग नाही हो. ओतून देणं जिवावर येतं.

पहिल्या चार महिन्यांचं माझं मत वहीत लिहिलेलं आहे: ‘पैसे पाण्यात.’ दर विणीची पिल्लं २८व्या दिवशी ताणकाट्याला लावली. इंजेक्शनवाल्या आणि बिनइंजेक्शनवाल्या विणींत पिल्लामागे पाव किलोचाही फरक नाही. परदेशी अभ्यासांतही कुठे पिल्लांचं वजन वाढलेलं दिसतं, कुठे काहीच नाही. आई तर म्हणालीच, “बाबू, ता औषध तिका नाय, तुकाच होया.”

मग एकदा डॉक्टर समोर असताना मी सुई भरली. त्यांनी सुईकडे बघितलं, मग माझ्याकडे. एक इंची. एवढ्या डुकरिणीच्या मानेवर चरबीचा थर असा की औषध स्नायूपर्यंत जातच नव्हतं, चरबीत बसत होतं. दीड इंची हवी. शिवाय ‘दहा मिली पुरे’ हा हिशेबही माझाच, काटकसरीचा. म्हणजे चार महिने मी निम्मं औषध चरबीला पाजलं आणि नावं औषधाला ठेवली.

दीड इंची सुई आणि पूर्ण डोस सुरू केल्यावर मत बदललं, पण अर्धंच. ज्या धडधाकट आहेत, झटपट वितात, त्यांच्या पिल्लांत आजही फरक दिसत नाही. ज्या म्हाताऱ्या, जड, तासन्‌तास विणाऱ्या आहेत, त्या त्याच दिवशी उठून खायला-प्यायला येतात. तोच दिवस तर महत्त्वाचा. डुकराचं पिल्लू आईच्या पोटातून रोगाशी लढायची ताकद घेऊन येत नाही, ती सगळी चिकातून मिळते, आणि दीड दिवसात आतड्याचं ते दार बंद होतं. आई वेदनेनं पालथी पडली की धष्टपुष्ट पिल्लं कसंबसं ओढून घेतात, बारकी मागे राहतात. सरासरी वजनात हे दिसणार कुठून? मेलेलं पिल्लू मी काट्याला लावत नव्हतो.

एक सांगून ठेवतो. विणं पूर्ण व्हायच्या आत देऊ नका, कळा शरीरातल्या ज्या रसायनावर, प्रोस्टाग्लँडिनवर, चालतात तेच हे औषध दाबतं. पाणी न प्यालेल्या, सुकलेल्या डुकरिणीलाही नको, मूत्रपिंडाला बाधतं. आणि दुकानदारानं जुना साठा म्हणून किटोप्रोफेन हे दुसरं वेदनाशामक पुढे केलं तर परत करा. औषध टोचलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात, त्यापायी जनावरांसाठी २००६ मध्ये डायक्लोफिनॅक बंद झालं, २०२३ मध्ये किटोप्रोफेनही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं.

खरी गंमत बाटलीनं केली. उरलेलं औषध वाया जाऊ नये म्हणून मी दोघींची पिल्लं एकाच दिवशी दुधावरून तोडायला लागलो, एकीची ५६व्या दिवशी, दुसरीची ३५व्या. आठवड्यात दोघी माजावर, ११४ दिवसांनी दोघी मागेपुढे व्यायल्या. एकीला तेरा, दुसरीला सात. चीक पिऊन झाल्यावर तीन पिल्लं इकडची तिकडे केली आणि २८व्या दिवशी काटा पहिल्यांदा खरंच खाली गेला. आईला सांगितलं. ती म्हणाली, “मगे बाटलेकच हळद-कुंकू लाव.”

परवा रात्री शेवटी नवी बाटली फोडली. जुन्यातले तेरा, नव्यातले चार. उरले सव्वीस. सहा नंबरनं आता या आठवड्यात व्यायलाच हवं.