ओपन जिम की शाळेपुढचे ५० मीटर?

ग्रामपंचायतीत लेकरांच्या वाढत्या वजनाचा विषय निघाला की आमच्या मराठवाड्यात पहिला ठराव ओपन जिमचा येतो. जिम दिसते, तिचं उद्‌घाटन होतं, फोटो निघतो. दुसरा उपाय कागदावर कधीचा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत.

जिमची साधनं मोठ्यांच्या मापाची असतात, लेकरं त्यांचा झोका करतात. परभणी-नांदेडच्या एप्रिल-मेमध्ये दिवसा त्या लोखंडाला हात लावून बघा! बेअरिंग गेलं की दुरुस्तीचा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. चव्हाट्यावर बसवली तर बायका फिरकत नाहीत. मात्र आडोसा, दिवा आणि झाडाची सावली असेल तर शुगर-बीपीवाल्या मोठ्यांना ती खरोखर उपयोगी पडते.

५० मीटरच्या नियमाला पैसा लागत नाही, वाईटपणा लागतो. टपरी कुणाच्या तरी भावकीतली असते आणि कारवाईचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे जिल्ह्याच्या गावचा. म्हणून टपरी उठवायच्या फंदात पडू नका, माल बदलायला लावा. पाच रुपयांच्या पाकिटाशी पाच रुपयांचे फुटाणे, केळी, ताकच टक्कर देऊ शकतं. फाटकावर फलक लावायची जबाबदारी शाळेची आहे, तो आधी लावून घ्या.

कर वाढवणं गावाच्या हातात नाही. मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि खप घटला. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ पासून कोल्ड्रिंकवर ४० टक्के जीएसटी आहे, पण त्याच फेरबदलात पाकीटबंद शेव-भुजियाचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे लेकरांच्या हातातलं पाकीट उलट स्वस्त व्हायची सोय.

माझं मत: प्राथमिक शाळेचं गाव असेल तर आधी ५० मीटर. मात्र त्याच वर्गात ऊसतोडीला गेलेल्या घरची हडकुळी लेकरंही बसतात, तेव्हा वजनाच्या नावाखाली शाळेतल्या खिचडीला कात्री लावू नका. लातूरच्या क्लासेसच्या भागाचं गणित वेगळं. नियम शाळांसाठी आहे, आणि तिथली पोरं दिवसभर बसून असतात. तिथे जिमवर, त्याहून मोकळ्या मैदानावर, पैसा घातलेला चालेल.