जेंटूवर आधी काय हाताळावे: कंपायलर फ्लॅग की यूज फ्लॅग?

जेंटू लिनक्स (प्रोग्राम मूळ कोडपासून आपल्याच मशीनवर बांधणारी लिनक्स प्रणाली) बसवताना 'मेक डॉट कॉन्फ' ही सेटिंगची फाइल उघडली की दोन कामे समोर येतात. जीसीसी या कंपायलरला (मूळ कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाला) द्यायचे फ्लॅग, म्हणजे सूचना, ठरवतात की कोड कसा कंपाइल व्हावा. यूज फ्लॅग ठरवतात की पॅकेजमधला कोणता भाग मुळात कंपाइल व्हावा. बहुतेक नवखे पहिल्या कामात रमतात, कारण वेगाचे आकर्षण तिथे असते. माझ्या मते क्रम उलटा असावा.

फाइलमध्ये सुरुवातीला 'ओ-२' (वेग वाढवण्याची नेहमीची पातळी) आणि 'पाइप' एवढेच कंपायलर फ्लॅग असतात. त्यात 'मार्च=नेटिव्ह' जोडले की जीसीसी त्या मशीनचा प्रोसेसर ओळखून एव्हीएक्स-२ सारख्या (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) इन्स्ट्रक्शन मोकळेपणाने वापरतो. हा बदल एका ओळीचा आहे आणि तो जरूर करावा. मात्र त्यातून मिळणारा फायदा अपेक्षेपेक्षा कमी भरतो, कारण ज्या कामांत वेगाची खरी गरज असते, म्हणजे व्हिडिओ डिकोड करणे, एन्क्रिप्शन किंवा मेमरीतला मजकूर इकडून तिकडे नेणे, तिथे एफएफएमपेग, ओपनएसएसएल आणि जीलिबसी हे प्रोग्राम चालू असतानाच प्रोसेसर तपासून हाताने लिहिलेला योग्य असेंब्ली कोड निवडतात. त्यावरची पातळी 'ओ-३' सगळीकडे लावल्यास बायनरी फुगतात. शिवाय जीसीसी १२ पासून 'ओ-२' मध्येही मर्यादित व्हेक्टरायझेशन (एका इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक आकड्यांचे गणित) येते. 'फास्ट-मॅथ' सर्व पॅकेजना लावणे तर सरळ चूक आहे, कारण तो फ्लॅग अपूर्णांकांच्या गणिताचे नियमच सैल करतो. एखाद्या गणनाप्रधान प्रोग्रामला वेगळे फ्लॅग हवेच असतील, तर 'पॅकेज डॉट एन्व्ह' या फाइलमधून ते फक्त त्यालाच द्यावेत.

यूज फ्लॅगचे परिणाम मात्र डोळ्यांना दिसतात. सर्व्हरवर एक्स, जीटीके आणि क्यूटी हे पडद्यावरच्या खिडक्या-बटणांसाठीचे भाग वगळले की त्यांच्यामागून येणारी लायब्ररींची रांगच येत नाही. जी लायब्ररी बसलेलीच नाही तिचे अपडेट करावे लागत नाही आणि तिच्यातल्या सुरक्षा-त्रुटीची चिंताही उरत नाही. इंटेलच्या लॅपटॉपवर एफएफएमपेगला 'व्हीएएपीआय' हा यूज फ्लॅग दिला आणि ड्रायव्हर नीट बसलेला असला, तर व्हिडिओ डिकोड करण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे जाऊ शकते, जे कोणत्याही कंपायलर फ्लॅगने साधणारे नाही. प्रोसेसरच्या क्षमताही अनेक पॅकेजना 'सीपीयू फ्लॅग्ज' या यूज फ्लॅगांच्या गटातूनच कळवायच्या असतात; ती यादी काढून देणारे छोटे साधन पोर्टेज या जेंटूच्या पॅकेज-व्यवस्थेत उपलब्ध आहे आणि पहिल्याच दिवशी ते चालवावे.

याची किंमतही आहे. जागतिक पातळीवरचा एक फ्लॅग बदलला की पुढच्या 'न्यूयूज' (बदललेले यूज फ्लॅग लागू करणाऱ्या) अपडेटमध्ये डझनावारी पॅकेज पुन्हा कंपाइल होऊ शकतात. 'वजा तारांकन' लिहून सगळे बंद करण्याचा मोह टाळावा, कारण त्यात प्रोफाइलने (जेंटूने वापरानुसार तयार दिलेल्या सेटिंगच्या संचाने) विचारपूर्वक लावलेले फ्लॅगही जातात आणि मग प्रत्येक पॅकेजशी झगडत बसावे लागते. योग्य प्रोफाइल निवडावे, चार-दोन फ्लॅग सर्वांसाठी ठेवावेत आणि बाकीचे 'पॅकेज डॉट यूज' मध्ये लिहावेत.

डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूने तयार बायनरी पॅकेज मोठ्या प्रमाणावर देऊ केल्यापासून या निवडीला नवा पदर आला आहे. तयार पॅकेज घेताना पोर्टेज यूज फ्लॅग जुळतात का हे पाहते, कंपायलर फ्लॅग मात्र पाहत नाही. म्हणजे यूज फ्लॅग वेगळे ठेवले तर ते पॅकेज घरीच कंपाइल होईल; आणि फ्लॅग जुळले तर तुमचे 'मार्च=नेटिव्ह' मुकाट्याने बाजूला पडून सर्वसाधारण प्रोसेसरसाठी बांधलेली बायनरी बसेल. अलीकडचा प्रोसेसर असल्यास एक्स-८६-६४ (इंटेल-एएमडीचे ६४-बिट प्रोसेसर) च्या तिसऱ्या, म्हणजे नव्या इन्स्ट्रक्शन असलेल्या, पातळीसाठी बांधलेला संच निवडता येतो.

चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर म्हणूनच यूज फ्लॅग प्रोफाइलप्रमाणे ठेवून तयार पॅकेज घेणे शहाणपणाचे. जे कंपाइल करावेच लागेल त्यासाठी दर जॉबमागे (एकाच वेळी चालणाऱ्या कंपाइलच्या एका कामामागे) दोन जीबी रॅम धरून 'मेकऑप्ट्स' या सेटिंगमध्ये दोनच जॉब ठेवावेत. सोळा जीबी आणि आठ कोअरच्या डेस्कटॉपवर यूज फ्लॅग मनासारखे कोरून काढायला हरकत नाही. हीच डिस्क पुढे दुसऱ्या, जुन्या मशीनला लावण्याचा विचार असेल, तर मात्र 'नेटिव्ह' ऐवजी दोन्हींना चालेल अशा प्रोसेसरचे नाव लिहावे. नाहीतर नव्या मशीनसाठी बांधलेले प्रोग्राम तिथे अनोळखी इन्स्ट्रक्शनपाशी अडून बंद पडतील.