आठ जणांचा लेखन-कट्टा: व्हॉट्सॲप, डॉक्स आणि मीट यांपैकी कामाचं काय?

इंदूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तीनदा भरलं: १९१७, १९३५ आणि २००१. गावात महाराष्ट्र साहित्य सभा आहे, आणि राजेंद्र नगरपासून रामबागेपर्यंत वहीत काहीबाही उतरवणारी माणसं भरपूर आहेत. तरी कथा लिहून झाल्यावर ती शेवटपर्यंत वाचून ‘इथे अडखळायला झालं’ असं सांगणारं कुणी सहज मिळत नाही. एक मैत्रीण विजय नगरला, दुसरी सुदामा नगरला, तिसरी मुलाकडे पुण्याला. म्हणून कट्टा फोनवर येतो. त्यासाठी बहुतेकांच्या हाताशी असलेली तीन फुकट साधनं, म्हणजे व्हॉट्सॲप, एकाच फाइलीवर सगळ्यांना काम करता येणारं गूगल डॉक्स आणि व्हिडिओ बैठकीचं गूगल मीट, इथे तपासली आहेत, आणि तीही सहा ते आठ जणांच्या गटासाठी. त्याहून मोठ्या गटात एकमेकांचं लिखाण वाचून होत नाही, हे आमचं ठाम मत.

व्हॉट्सॲप हे भेटायला उत्तम आणि वाचायला वाईट. एका गटात १०२४ जण मावतात, म्हणून ‘वहिनींना पण घ्या ना’ करत गट फुगत जातो. अशा गटात कथा टाकली की अंगठे, फुलं आणि जोडलेले हात भराभर येतात. पण ती वाचली किती जणांनी, ते कळत नाही. लांब मजकूर व्हॉट्सॲप मध्येच कापून खाली ‘आणखी वाचा’ असं देतं, आणि फूल टाकायला तिथे बोट लावावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली कथा कुठच्या कुठे वर गेलेली असते. नव्या लिहिणाऱ्याला पहिल्या आठवड्यात हे कौतुक गोड वाटतं. तिसऱ्या कथेलाही तीच फुलं आली की उमेद वाढत नाही, उलट संशय येतो.

मजकुराची मोडतोड होते ती वेगळीच. संवाद ओळीच्या सुरुवातीला छोटी रेघ आणि मोकळी जागा देऊन लिहिले, की व्हॉट्सॲप त्याची ठिपक्यांची यादी करून टाकतं. नवरा-बायकोचं भांडण किराण्याच्या यादीसारखं दिसू लागतं. अशा वेळी मोठी रेघ किंवा सरळ अवतरणचिन्हं वापरा. पाठवलेला मजकूर १५ मिनिटांतच दुरुस्त करता येतो, नंतर नाही. आणखी एक सेटिंग आधी बघून घ्या: ‘गायब होणारे संदेश’ सुरू असेल तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी सगळे अभिप्रायही जातात. ते बंदच हवं.

मग व्हॉट्सॲप ठेवायचं कशाला? दोन गोष्टींसाठी. पहिली, रात्रीचा पोल: ‘आज लिहिलं’, ‘बसलो, पण जमलं नाही’, ‘फिरकलोच नाही’. तिसरा पर्याय ठेवाच. तो नसेल तर न लिहिणारे गप्प होतात, आणि गप्प झालेले हळूहळू गटातून उठतात. एकाच रात्री चौघांनी ‘फिरकलोच नाही’ दाबलेलं दिसलं की पाचव्याच्या मनावरचं ओझं उतरतं. दुसरी, आवाजी संदेश. आवडलेला परिच्छेद कुणीतरी स्वतःच्या आवाजात वाचून पाठवला, तर ते चाळीस सेकंद शंभर अंगठ्यांपेक्षा मोलाचे, कारण न वाचता तो पाठवताच येत नाही. या दोन कामांसाठी पाचपैकी तीन तारे.

खरं काम गूगल डॉक्सवर होतं. पद्धत अशी: लेखकानं फाइल करायची, ‘शेअर’मध्ये जाऊन प्रत्येकाचा ईमेल घालायचा आणि अधिकार ‘कमेंटर’ एवढाच द्यायचा. ‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय सोपा आहे, पण टाळा. त्यात आलेला माणूस निनावी दिसू शकतो, आणि कोपऱ्यात त्याच्या नावाऐवजी एखाद्या प्राण्याचं चित्र येतं. कुणी वाचलं हेच कळणार नसेल तर मैत्री व्हायची कुणाशी? ‘एडिटर’ हा अधिकारही नको. फोनवर वाचताना अंगठा लागून परिच्छेद उडतो आणि उडवणाऱ्याला पत्ताही नसतो. तसं झालंच तर संगणकावर ‘फाइल’मधल्या ‘व्हर्जन हिस्टरी’तून जुनी प्रत परत आणता येते. शेअरच्याच खिडकीतल्या दातेरी चाकावर गेलं की वाचकांना फाइल डाउनलोड, प्रिंट किंवा कॉपी करायला बंदी घालता येते. स्क्रीनशॉट त्यानं थांबत नाही, हेही लक्षात असू द्या.

फोनवर डॉक्सचं ॲप हवंच. ब्राउझरमध्ये लिंक उघडून अभिप्राय लिहायला गेलेले निम्मे लोक कंटाळून ‘छान आहे हो’ असं व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होतात.

कमेंटर माणूस दोन प्रकारे बोलू शकतो. बाजूला टिप्पणी लिहून, किंवा ‘सजेस्ट’मध्ये मजकुरातच रंगीत बदल सुचवून. दुसरा प्रकार मोहाचा आहे, आणि नवे लेखक खचतात ते इथेच. कच्च्या खर्ड्यावर कुणी ऱ्हस्व-दीर्घाचे चाळीस बदल केले की पान रंगीबेरंगी होतं आणि कथेबद्दल एक अक्षरही बोललं गेलेलं नसतं. म्हणून पहिल्या फेरीत शुद्धलेखनाला हात लावायचा नाही. प्रत्येकानं जास्तीत जास्त पाच टिप्पण्या द्यायच्या, आणि त्यातली एक ‘हे जमलंय, कारण...’ अशी हवी. दुसऱ्या फेरीत हवे तेवढे वेलांटी-उकार सुधारा. पण संवादांतलं इंदुरी वळण तिथेही सोडून द्यायचं; मराठी घरातला मुलगा आईशी अर्धं हिंदीत बोलत असेल, तर पुण्याच्या सदस्यानं ते ‘शुद्ध’ करू नये.

उपयोगी टिप्पणी कशी असते? ‘शेवट पटला नाही’ ही निरुपयोगी. ‘सुमन दार लावते तेव्हा ती आत आहे की अंगणात? मी परत वर जाऊन शोधलं, सापडलं नाही’ ही उपयोगी. तिला जागा आहे, वाचणाऱ्याला काय झालं ते आहे, आणि सुमनच्या लेखिकेनं काय करावं याचा हुकूम नाही. डॉक्सचा एक मोठा फायदा इथे दिसतो. समोर बसून सत्तरीच्या काकांना ‘तुमचा मधला भाग रेंगाळतो’ असं म्हणायला पंचविशीच्या मुलीची जीभ रेटत नाही. ओळीला चिकटलेली टिप्पणी मात्र ती सहज लिहिते, कारण ती त्या ओळीबद्दल असते. काकाही मग मोकळेपणानं उलट विचारतात.

एक बारीक कटकट नक्की होते. लेखकानं टिप्पणीवर ‘रिझॉल्व्ह’ दाबलं की ती समोरून नाहीशी होते, आणि ज्यानं मेहनतीनं लिहिली त्याला वाटतं, पुसून टाकली. प्रत्यक्षात ती टिप्पण्यांच्या जुन्या नोंदीत शाबूत असते. तरी आधी दोन शब्दांचं उत्तर, मग रिझॉल्व्ह, असा शिरस्ता ठेवा. दुसरी कटकट: पहिल्याच्या टिप्पण्या वाचून बाकीचे त्याचीच री ओढतात. पहिलं वाचन टिप्पण्या लपवून करा.

मराठी टायपिंगचं एक दुखणं आपल्याकडे जास्त आहे. मध्य प्रदेशात सरकारी कचेऱ्यांत आणि टायपिंगच्या दुकानांत कृतीदेव या जुन्या धाटणीच्या फॉन्टची सवय मुरलेली आहे. त्यात टाइप केलेली कथा डॉक्समध्ये उघडली की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. कन्व्हर्टरनं ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, करून घ्या, आणि नंतर रफार व पहिली वेलांटी डोळ्यांत तेल घालून तपासा. चुका बहुधा तिथेच राहतात. हिंदी कीबोर्डवर ‘दुसऱ्या’मधला ऱ्य नीट उमटत नाही, ‘दुसर्या’ असं होतं. मग पुढे ‘शोधा’ वापरून तो शब्द सापडत नाही. कीबोर्डची भाषा मराठी निवडली की प्रश्न मिटतो. फॉन्टच्या यादीत ‘तिरो देवनागरी मराठी’ आहे. त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. बोलून लिहायचं असेल तर संगणकावर क्रोममध्ये ‘टूल्स’खाली आवाजी टंकलेखन आहे. ते मराठी बऱ्यापैकी पकडतं, पण विरामचिन्हं हातानं द्यावी लागतात. ज्येष्ठांसाठी तेवढंही पुष्कळ. डॉक्सला साडेचार तारे. अर्धा कापला तो फोनवरच्या अडचणींसाठी.

मीटबद्दल थोडक्यात. फुकट खात्यावर तीन किंवा जास्त माणसं असतील तर ६० मिनिटं मिळतात. झूमची ४० मिनिटं या कामाला अपुरी पडतात. मराठी गद्य मोठ्यानं वाचायला १२०० शब्दांना साधारण १० मिनिटं लागतात. तीन लिखाणं, प्रत्येकी १० मिनिटं वाचन आणि ८ मिनिटं बोलणं, म्हणजे ५४ मिनिटं. उरलेली सहा हालहवाल विचारण्यात जातात, आणि ती कापू नका. वाचन लेखकानं स्वतः न करता दुसऱ्यानं करावं. तो जिथे अडखळतो तिथे वाक्य वाकडं आहे. चर्चा चालू असताना लेखकाचा माइक बंद. नाहीतर आठ मिनिटं खुलासे देण्यातच जातात. गूगल कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची बैठक एकदाच टाकून सगळ्यांचे ईमेल जोडा, म्हणजे लिंक तीच राहते आणि दारावर कुणी खोळंबत नाही. रात्री नऊची वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सदस्यालाही जमते. तिथे उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा असतात, हिवाळ्यात साडेदहा. कॅलेंडर तो बदल आपोआप धरतं.

याच ६० मिनिटांत दुसराही एक प्रकार बसतो: कॅमेरे चालू, माइक बंद, २५ मिनिटं सगळ्यांनी आपापलं लिहायचं, पाच मिनिटं चहा, परत २५. कुणी काही बोलत नाही. तरी एकमेकांची ओळख खरी वाढते ती यातच, असं आमचं निरीक्षण आहे. चार तारे.

वेळापत्रक: रविवारी रात्रीपर्यंत तीन फाइली, प्रत्येकी १२०० शब्दांच्या आत, गुरुवारपर्यंत टिप्पण्या, शनिवारी मीट. आठ जणांत पाळी साधारण तिसऱ्या आठवड्याला येते. पाळी हुकली तर पुढच्याला द्यायची, शिल्लक ठेवायची नाही. दिवाळी अंकांना बहुतेक अप्रकाशित मजकूर लागतो, त्यामुळे अंकासाठीची कथा फेसबुकच्या भिंतीवर टाकू नका, आठ जणांच्या बंद फाइलीतच ठेवा. अंकांचं साहित्य पावसाळ्यातच मागवायला लागतात. म्हणजे पहिला खर्डा एप्रिल-मेमध्ये गटात यायला हवा आणि शुद्धलेखनाची फेरी जूनअखेर आटपायला हवी.