आतल्या दारांचं सॅटिन इनॅमल: शेडच्या आधी डबा ठरवा

घरातली दारं, चौकटी आणि खिडक्यांच्या पट्ट्या रंगवायच्या ठरल्या की आधी शेड कार्ड उघडलं जातं. डब्यात कोणत्या जातीचा रंग आहे, हे बहुतेक वेळा पेंटरच ठरवतो. इथेच निवड चुकते, कारण एकच शेड ग्लॉस (चकचकीत) ऑइल पेंटमध्ये, सॅटिन (मंद चमकीच्या) ऑइल पेंटमध्ये आणि पाण्याच्या सॅटिन इनॅमलमध्ये (पाण्यात मिसळायच्या, कडक थर देणाऱ्या रंगात) तीन प्रकारे दिसते आणि दोन वर्षांनी तीन वेगळ्या जागी पोचलेली असते. एशियन पेंट्सचं अपकोलाइट प्रीमियम सॅटिन इनॅमल हे दुसऱ्या गटातलं, टर्पेंटाइनवर चालणारं. इतर मोठ्या कंपन्यांकडेही या जातीचा माल आहे. आमचं मत सरळ आहे: मधल्या आणि गडद शेडसाठी ऑइलचं सॅटिन उत्तम, पण पांढरा किंवा अगदी फिका रंग हवा असेल तर पाण्याचं इनॅमलच घ्या.

पांढऱ्याबद्दल इतका आग्रह का, ते सविस्तर सांगायला हवं. ऑइल पेंटमधलं अल्किड रेझिन (रंगाला धरून ठेवणारा तेलकट घटक) वाळताना आणि वाळल्यावरही हळूहळू पिवळं पडतं. बऱ्याच जणांना वाटतं की उन्हामुळे पडतं. होतं नेमकं उलटं. उजेडात हा पिवळेपणा कमी होतो आणि अंधारात वाढतो. म्हणून बाल्कनीचं दार बऱ्यापैकी पांढरं राहतं, पण पॅसेजमधलं, कपाटाच्या आतलं किंवा भिंतीला टेकून कायम उघडं राहणाऱ्या दाराची मागची बाजू लोण्याच्या रंगाची होते. अमोनियाने हा वेग आणखी वाढतो. भिंतीच्या काही इमल्शनमधून (पाण्याच्या रंगांमधून) वाळताना अमोनिया सुटतो, त्यामुळे बंद खोलीत भिंतीचा शेवटचा हात आणि दाराचा पांढरा ऑइल पेंट एकाच दिवशी मारला तर दार काही दिवसांतच पिवळट दिसू शकतं. आधी भिंती पूर्ण करा, खिडक्या दोन-तीन दिवस उघड्या ठेवा, मग दारांना हात लावा. पाण्याच्या ॲक्रिलिक इनॅमलला हा त्रास जवळजवळ नाही. वासही कमी, त्यामुळे राहत्या घरात काम करता येतं.

आता चमक. ग्लॉसमध्ये रंग गडद आणि भडक दिसतो, कारण पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने प्रकाश विखुरत नाही. शेड कार्डावरचा छोटा तुकडा पाहून निवडलेला राखाडी ग्लॉसमध्ये एक पायरी गडद वाटतो, हे गृहीत धरा. शिवाय ग्लॉस प्रत्येक खिळ्याचा खड्डा आणि लांबीचं (खड्डे बुजवायच्या पुट्टीचं) प्रत्येक ठिगळ दाखवतो. फ्लश डोअर (सपाट प्लायचं दार) जुनं असेल तर सॅटिन बरंच झाकून घेतं. सॅटिनची खरी अडचण दुरुस्तीत आहे: कडीजवळ ओरखडा पडला म्हणून तेवढ्यावर ब्रश फिरवला की तो भाग आजूबाजूपेक्षा वेगळा चमकतो. पूर्ण पॅनेल किंवा अख्खी फळी (दाराचा उघडणारा पल्ला) एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रंगवली तरच ते लपतं. स्वयंपाकघराच्या दाराला आम्ही अजूनही ग्लॉसच सुचवू. फोडणीचा तेलकट थर त्यावरून ओल्या फडक्याने निघतो, सॅटिनवर घासावं लागतं आणि घासलेली जागा चकाकू लागते.

शेड ठरवताना भिंतीपेक्षा फरशीकडे आणि दगडी चौकटीकडे जास्त बघा, कारण त्या बदलणार नसतात. आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर निळसर पांढरं दार फरशीला मळकं दाखवतं. तिथे किंचित पिवळा किंवा किंचित राखाडी मिसळलेला ऑफ-व्हाइट घ्या. कोटा फरशीत हिरवट राखाडी असतो. त्यावर गुलाबी झाक असलेला बेज विसंगत दिसतो, मऊ हिरवा-राखाडी किंवा गडद तपकिरी चांगला बसतो. बाथरूमला काळ्या ग्रॅनाइटची चौकट असेल तर दार मधल्या राखाडीत ठेवा, पांढरं ठेवलं तर चौकट शोकपत्राच्या काळ्या कडेसारखी उठून दिसते. गडद चौकट आणि फिकी भिंत ही जोडी शेड कार्डावर सुरेख दिसते, पण प्लास्टर आणि चौकट जिथे मिळतात ती रेघ आपल्याकडे क्वचित सरळ असते. गडद रंग ती वेडीवाकडी रेघ अधोरेखित करतो. भोवती लाकडी पट्टी मारणार नसाल तर चौकट भिंतीच्या रंगाजवळ ठेवा आणि गडद रंग फक्त फळीला द्या.

स्मोक ग्रे किंवा ऑक्सफर्ड ब्लूसारखी नावं भारतीय मानक ‘आयएस ५’च्या यादीतली आहेत. अशा तयार शेडमध्ये दोन डब्यांत फरक कमी पडतो. टिंटिंग मशीनवर (दुकानातल्या रंग मिसळायच्या यंत्रावर) बनवलेल्या शेडचे सगळे डबे मात्र एकाच बादलीत ओतून, ढवळून मगच वापरा. पिवळा आणि भडक लाल यांची झाकण्याची ताकद कमी असते. प्रायमरवर एक हात राखाडी किंवा जवळच्या रंगाचा मारला नाही तर दोनाऐवजी तीन-चार हात लागतात.

नमुना भिंतीवर मारू नका. एक फूट बाय एक फूट प्लायचा तुकडा घ्या, प्रायमर आणि खऱ्या डब्यातले दोन हात द्या आणि तो चौकटीला उभा टेकवा. आडवा ठेवला तर प्रकाश वेगळा पडतो. सकाळी, दुपारी आणि रात्री घरातल्याच दिव्याखाली बघा. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली बेज मरतो, पिवळसर एलईडीखाली राखाडी हिरवट किंवा तपकिरी वाटू शकतो.

सात बाय तीन फुटांच्या दाराच्या दोन्ही बाजू, कडा आणि चौकट मिळून साधारण ५५ चौरस फूट होतात. दोन हातांना एक लिटर पुरतं, म्हणजे चार दारांना चार लिटरचा एक डबा. ब्रशसाठी ५ ते १० टक्क्यांपेक्षा जास्त पातळ केलं की पॅनेलच्या खालच्या कडेला ओघळ येतात.

पाण्याचं इनॅमल सोलून निघतं अशी तक्रार येते तेव्हा खाली बहुधा जुना चकचकीत ऑइल पेंट असतो. कापसावर स्पिरिट घेऊन जुना रंग चोळा: मऊ पडून कापसाला लागला तर तो पाण्याचा, काहीच झालं नाही तर ऑइलचा. ऑइलचा असेल तर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण मारा, धूळ पुसा, पकड देणारा प्रायमर लावा. खड्ड्यांत लाकडाची लांबीच भरा. भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दारावर कधीच नको. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि ती तडकून गळते. दोन हातांमध्ये ३२० नंबरचा पेपर हलका फिरवा. पाण्याच्या इनॅमलचा दुसरा हात चार ते सहा तासांत मारता येतो, ऑइलचा दुसऱ्या दिवशी, पावसाळ्यात आणखी उशिरा. हाताला कोरडा लागला तरी रंग आतून पक्का व्हायला आठवडाभर लागतो. तोवर दार घट्ट लावलं तर ते चौकटीला चिकटतं आणि उघडताना कडेचा रंग उपटून येतो. रात्री फटीत कागदाची घडी ठेवा.

घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम २०१६चा आहे. त्याआधीच्या थरांमध्ये शिसं असू शकतं, म्हणून जुन्या वाड्यातली किंवा चाळीतली दारं कोरडी घासू नका. पाणी लावून घासा, मास्क वापरा, लहान मुलांना दूर ठेवा. सागवानी दारांवर यातलं काहीच नको, त्यांना पॉलिश करा. सनमाइका लावलेल्या फळीवर रंग धरत नाही.

उरलेला रंग काठोकाठ भरेल अशा छोट्या बाटलीत ओता आणि त्यावर शेड कोड, बेसचं (शेड मिसळण्याआधीच्या मूळ रंगाचं) नाव, ग्लॉस की सॅटिन आणि दुकानाचं टिंटिंग लेबल चिकटवा. नुसत्या शेडच्या नावावरून दुकानदार तोच रंग पुन्हा बनवून देऊ शकत नाही.