एडन की अल्बानी? ऑस्ट्रेलियात देवमासे बघायला जाण्याआधी

सिडनी किंवा मेलबर्नला राहणाऱ्यांना न्यू साउथ वेल्समधलं एडन जवळ पडतं (सिडनीहून सुमारे 480 किमी, गाडीने सहा तास), पर्थकरांना अल्बानी (सुमारे 420 किमी, साडेचार तास). पण भारतातून आई-बाबा येणार असतील आणि दोन्हीकडे जाणं शक्य असेल, तर आधी महिना बघा.

अल्बानीचा हंगाम जून ते सप्टेंबरअखेर. हंपबॅक जातीचे देवमासे दिसतातच, शिवाय सदर्न राइट जातीचे देवमासे पिल्लं घालायला आडोशाच्या उपसागरात अगदी किनाऱ्यालगत येतात. पाठीवर पर नाही आणि फवारा इंग्रजी व्हीसारखा दुभंगलेला, ही त्यांची खूण. संथ पोहणारा, मेल्यावर तरंगणारा आणि भरपूर तेल देणारा, म्हणून शिकारीत आधी हाच संपत आला. ज्यांना बोट सोसत नाही त्यांनी अल्बानीच निवडावं. मरीन ड्राइव्हवरून फुकट दिसतात. अडचण हवेची. नैर्ऋत्येचा वारा सुटला की फेरी रद्द होते, म्हणून दोन रात्री राहा आणि पहिल्याच सकाळचं बुकिंग करा.

एडनला सप्टेंबरअखेर ते मध्य नोव्हेंबर जावं. अंटार्क्टिककडे परतणारे हंपबॅक पिल्लांसह इथे थांबतात, खातातही. वसंतात दुपारी ईशान्येचा वारा चढतो, तेव्हा सकाळचीच बोट घ्या. नुसते देवमासेच बघायचे असतील तर आमचं मत एडनला.

इतिहासात मात्र निवड अवघड आहे. अल्बानीचं चेनीज बीच कंपनीचं केंद्र हे ऑस्ट्रेलियातलं देवमाशांच्या शिकारीचं शेवटचं केंद्र, 21 नोव्हेंबर 1978 ला बंद झालं. विमान कळप शोधायचं, बोटीवरची तोफ भाला मारायची, शव बुडू नये म्हणून त्यात हवा भरायचे. चेनीज फोर ही बोट आज आतून फिरून बघता येते. चरबी सोलण्याचं फलाट आणि तेलाच्या टाक्याही आहेत. लहान मुलांना इथली चित्रं आणि माहिती जड जाऊ शकते. गावापासून 20 किमी, त्यामुळे गाडी हवीच.

एडनची हकीकत जगावेगळी. ओर्का (किलर व्हेल) मोठ्या देवमाशांना ट्वोफोल्ड बेमध्ये हाकलत आणि नदीच्या मुखाशी शेपट्या आपटून माणसांना बोलवत. मग देवमाशांची शिकार करणाऱ्या डेव्हिडसन कुटुंबाच्या वल्ह्यांच्या होड्या निघत, त्यांवर युइन या तिथल्या आदिवासी समाजाचे लोकही असत. मारलेला देवमासा एक-दोन दिवस पाण्यातच बांधून ठेवायचा. जीभ आणि ओठ ओर्कांचे, चरबी माणसांची. त्यांतला ओल्ड टॉम 1930 मध्ये मेला. त्याचा सांगाडा गावातल्याच संग्रहालयात आहे. झिजलेले दात जवळून बघा.

दोन्हीकडे बोट देवमाशापासून किमान 100 मीटर दूर राहते, न्यू साउथ वेल्समध्ये पिल्लू असेल तर 300. मोबाइलवर फोटोत ठिपका येईल; 7 किंवा 8 पटीची दुर्बीण न्या, 10 पटीची बोटीवर हलते. बोट लागण्यावरची गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. बसायला बोटीचा मागचा-मधला भाग धरा, पुढे उसळी जास्त.