"नवीन इंजिन आहे, ऑइल खाणारच"

माझी स्प्लेंडर रोज दुधाचे दोन कॅन वाहते. मागच्या दिवाळीनंतर ती निळा धूर (ऑइल जळतंय ही खूण) सोडायला लागली, म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडं टाकली. बोअर (झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणं), नवीन पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह सील मिळून ५,८०० रुपये. गॅरंटी महिन्याची, तीही तोंडी. बिलाचा विषय मी काढला नाही. ओळखीत कुठं बिल मागायचं!

गाडी हातात आली तेव्हा धूर गायब. त्यानं बजावलं, "हजार किलोमीटर पन्नासच्या वर पळवू नको, आणि ऑइल अजिबात काढू नको, रिंगा बसायच्यात." गाडी दमानं चालवायचं ठीक होतं. ऑइलचं मात्र साफ उलटं सांगितलं. नव्या रिंगा सिलिंडरला घासून बसताना धातूची बारीक पूड उतरते, म्हणून पहिलं ऑइलच लवकर काढायचं असतं.

४०० किलोमीटरला ऑइल पट्टीच्या खालच्या खुणेखाली गेलेलं. (मोजताना गाडी मधल्या स्टँडवर हवी आणि पट्टी न आवळता नुसती टेकवायची. इतकी वर्षं मी साइड स्टँडवर मोजत होतो.) मिस्त्री हसला, "नवीन इंजिन आहे, ऑइल खाणारच," म्हणाला आणि पाव लिटर ओतलं. रिंगा बसेपर्यंत थोडं ऑइल जातं हे खरं आहे, म्हणूनच ही थाप पचते. पण ते कमी कमी होत जायला हवं. माझ्या गाडीनं पुढचं पाव लिटर ३०० किलोमीटरमध्येच संपवलं. तोवर महिना उलटला, धूरही परत आला.

तालुक्याच्या मिस्त्रीनं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा तपासलं. काटा वर चढला, म्हणजे रिंगांजवळची गळती ऑइलनं तेवढ्यापुरती बुजवली. "वॉल्व्ह नाही, बोअर-रिंगांचं दुखणं आहे." हेड उघडलं तर पिस्टन जुनाच! बोअर मारल्यावर मोठ्या मापाचा पिस्टन लागतो, त्याच्या डोक्यावर २५ किंवा ५० असा आकडा असतो. काजळी खरवडली, आकडा नाही. सिलिंडरच्या वरच्या कडेला नख अडकत होतं, आत होनिंगच्या (बोअरनंतर दगडानं घासून पाडतात त्या) तिरक्या रेघा नाहीत, नुसतं काचेसारखं गुळगुळीत. नव्या होत्या फक्त रिंगा. कंपनी १०डब्ल्यू३० ऑइल सांगते, पहिल्या मिस्त्रीनं दाट २०डब्ल्यू५० भरलेलं, म्हणून सुरुवातीला धूर दबला. आमच्याकडं बोअर मारणाऱ्या लेथ दोनच. दोघांकडंही माझा सिलिंडर गेला नव्हता.

पिस्टन कागदात गुंडाळून पहिल्या मिस्त्रीपुढं ठेवला. त्यानं उलटासुलटा केला. "भाऊ, दुधाची गाडी, तिला एवढं कशाला?" १,५०० परत दिले, बाकीचे पुढच्या कामात वळते करू म्हणाला.

या वेळी सिलिंडर मीच लेथवर घेऊन गेलो, पिस्टनचं खोकं स्वतः फोडलं, जुने पार्ट घरी आणले. २०० किलोमीटरला ऑइल काढून पांढऱ्या फडक्यातून गाळलं. बारीक चमक होती, कपची एकही नाही. पुढच्या कामाची वाट बघत उरलेले पैसे अजून पहिल्या मिस्त्रीकडंच आहेत.